बांदोलची तिसरी बाटली आणि कोकराचा दोब

पेटीतली तिसरी बाटली शनिवारी उघडली. आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना आठवत असेल, 2019 ची लाल बांदोल, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या बांदोल भागातली वाइन, सहा बाटल्या. पहिलीने माझी चांगलीच जिरवली होती. बूच निघालं आणि आधी गोठ्याचा वास नाकात शिरला. फळाचा पत्ताच नाही. घोट घेतला तर जीभ अशी आवळली, जणू अर्धकच्ची जांभळं मूठभर खाल्ली. बाटली खराब दिली म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोललो. ते सगळं आता मागे घेतो.

बांदोलच्या लाल वाइनमध्ये मुरवेद्र हे द्राक्ष निदान निम्मं तरी असावंच लागतं; जोडीला बहुतेक ग्रनाश आणि सँसो. मुरवेद्र जाड सालीचं, म्हणजे टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) भरपूर, आणि पिकायला भलतं उशिरा. त्याला डोक्यावर ऊन आणि पाय पाण्यात लागतात, असं तिकडे म्हणतात. मार्सेयहून तूलोंकडे निघालं की ला कादियेर आणि ल कास्तेलेच्या उतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतात, तोंड समुद्राकडे. तिथे ते पिकतं. द्राक्षवेली मारणाऱ्या फिलॉक्सेराच्या किडीनंतर ते जवळपास हद्दपार झालं होतं. 1941 मध्ये बांदोलला स्वतंत्र नामांकन (वाइनवर त्या भागाचं नाव लावायचा कायदेशीर हक्क) मिळालं आणि दोमेन तांपिए या तिथल्या द्राक्षमळ्याच्या ल्युसियाँ पेरोंनी त्याच्या पुनर्लागवडीचा ध्यासच घेतला. आणखी एक नियम: वाइन किमान 18 महिने लाकडी पिंपात. हे द्राक्ष हवा मिळाली नाही की घुसमटतं. तो गोठा बराचसा त्या घुसमटीचा, आणि मी बाटली फोडून पाचव्या मिनिटाला ग्लास तोंडाला लावला होता.

दुसऱ्या बाटलीला डिकँटर (वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायचं काचेचं भांडं) वापरला, पण सोबत तांबडा रस्सा केला. हसू नका. तिखटावर चौदा टक्क्यांची वाइन म्हणजे आगीत तेल, आणि वर तुरटपणा.

म्हणून या खेपेस मुकाट्याने तिथलंच जेवण: दोब, म्हणजे वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेलं मटण. एरवी बीफचा करतात, पण आविन्योंकडे कोकराचाही होतो, तोच धरला. खांद्याचं दीड किलो मटण, मोठे तुकडे, कांदा, गाजर, लसूण, थाइम, लॉरेलची दोन पानं (आपलं तमालपत्र नको, त्याला दालचिनीचा वास असतो) आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी. सालीच्या आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढा, नाहीतर सगळा रस कडवट होतो; मागच्या वर्षी झालाय. हे सगळं रात्रभर कोत द्यु रोन या स्वस्तातल्या फ्रेंच लाल वाइनमध्ये. बांदोल पातेल्यात ओतायची माझी छाती नाही. सकाळी मटण निथळून परतलं, मग तीन तास इतक्या मंद आचेवर की मिनिटाला एखादा बुडबुडा यावा. शेवटच्या अर्ध्या तासात काळे ऑलिव्ह. मीठ त्यानंतरच चाखा.

बाटली चारला डिकँटरमध्ये, जेवण आठला. घरात 25 अंश होते म्हणून वाढायच्या आधी अर्धा तास फ्रिज. मला 17 च्या आसपास ती आवडते. त्यावर गेली की नुसतं अल्कोहोल नाकात जातं.

पहिला घोट मुद्दाम नुसता घेतला. काळी द्राक्षं, चामडं, थोडी मिरी, आणि तुरटपणा आहे तिथेच. मग मटणाचा तुकडा, ओठांना चिकटणारा तो रस, आणि लगेच दुसरा घोट. तुरटपणा चरबीला जाऊन भिडला, माझ्या हिरड्या सुटल्या. संत्र्याची साल वाइनमध्येही आहे असं वाटायला लागलं. ऑलिव्हशी मात्र तिचं विशेष जमलं नाही, पुढच्या वेळी निम्मे घालीन.

तरी अजून ती वाइन मिटलेलीच आहे, पुरती खुललेली नाही; आठ-दहा वर्षं थांबा म्हणतात ते उगाच नाही.

अर्धा ग्लास उरला होता. रविवारी दुपारी दोबचा उरलेला रस मॅकरोनीवर ओतला, वर किसलेलं चीज, आणि तो अर्धा ग्लास. शनिवारच्या सगळ्या थाटापेक्षा ती जोडी सरस निघाली.