लाजाळू महापौर

कॅल्विन कूलिज अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता त्या काळाबद्दल वाचायला घेतलं की मला जाम कंटाळा येतो, खरं सांगते. पण त्याच्या आधीचा कूलिज, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन नावाच्या छोट्या शहरात वकिली करत करत एकेक पायरी चढणारा, तो मात्र भारी माणूस आहे. १८९८ ला नगरसेवक म्हणून निवडून आला, मग शहराचा वकील, मग काही महिने कोर्टात क्लार्क, १९०७ पासून दोन वर्षं राज्याच्या खालच्या सभागृहात आमदार, १९१० आणि १९११ महापौर, त्यानंतर राज्याच्या सिनेटमध्ये. मधली एकही पायरी गाळलेली नाही!

गंमत म्हणजे हा माणूस प्रचंड लाजाळू. लहानपणी घरी पाहुणे आले आणि स्वयंपाकघरातून अनोळखी आवाज ऐकू आले की त्याची घाबरगुंडी उडायची, आणि मोठेपणीही त्याने मित्राला सांगितलंय की कुणीही नवीन माणूस भेटायचा म्हटलं की मला अजून तो स्वयंपाकघराचा दरवाजा ओलांडावा लागतो. आता अशा माणसाने राजकारणात कशाला यावं? आणि तेही अशा राज्यात जिथे तेव्हा आमदारकीची निवडणूक दरवर्षी व्हायची, महापौरपदही एकाच वर्षाचं, म्हणजे गुलाल धुतोय न धुतोय तोवर परत लोकांच्या दारात.

मला वाटतं छोट्या शहरानेच त्याला सांभाळून घेतलं. तिथे नवीन माणूस असतोच किती, बहुतेक चेहरे ओळखीचे, कुणाचं खरेदीखत आपणच केलेलं, कुणाशी रोज रस्त्यात नमस्कार-चमत्कार. भाषण ठोकायची गरजच नाही. तो समोर जाऊन सरळ म्हणायचा, मला तुमचं मत हवंय, गरज आहे, दिलंत तर आभारी राहीन. संपलं. पुढे सिनेटचा अध्यक्ष म्हणून १९१५ ला दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याने केलेलं भाषण जेमतेम ४०-४५ शब्दांचं, आणि त्यातही शेवटी सगळ्यांना सल्ला काय, तर थोडक्यात बोला.

पण ओळखीचा तोटाही असतो. १९०५ च्या ऑक्टोबरात याचं लग्न झालं आणि लगेच दोन महिन्यांत हा स्कूल कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिला, आणि पडला. एक शेजारी तोंडावर म्हणाला, मी नाही दिलं तुला मत, शाळेत मुलं असलेला माणूस पाहिजे तिथे. यावर कूलिजचं म्हणणं, थोडा वेळ तर द्याल! (पुढच्या सप्टेंबरात मुलगा झालाही.) मोठ्या शहरात मतदार असा तोंडावर कारण सांगतो का, तिथे आपण आकडे बघत बसायचं.

महापौर म्हणून त्याने केलं काय, तर शिक्षकांचे पगार वाढवले, शहराचं थोडं कर्ज फेडलं आणि वर कर किंचित कमीही केला. फोटो काढून घेण्यासारखं यात काहीच नाही, पण ज्याने कधी सोसायटीचा हिशोब बघितलाय त्याला कळेल की या तिन्ही गोष्टी एकदम जमवणं म्हणजे काय चीज आहे.

त्याच सुमारास, १९१० ला, त्याचे वडील शेजारच्या व्हर्मॉंट राज्याच्या सिनेटवर निवडून आले, तेव्हा या महापौर मुलाने त्यांना पत्रात लिहिलं की चांगली विधेयकं पास करण्यापेक्षा वाईट विधेयकं पाडणं जास्त महत्त्वाचं. दोन वर्षांची आमदारकी आणि बापाला शहाणपण शिकवतोय! पण सल्ला मला पटतो, कारण वाईट कायदा पाडणाऱ्याचं नाव कोनशिलेवर येत नाही, त्यामुळे ते काम करायला सहसा कुणी तयार नसतं.

पुढचं सगळं फटाफट झालं, गव्हर्नर, उपराष्ट्राध्यक्ष, १९२३ ला राष्ट्राध्यक्ष. नंतर आत्मचरित्रात मात्र त्याने लिहिलंय की मिळालेल्या सगळ्या मानांमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी महापौर केलं याचं मोल मला फार मोठं वाटतं. १९२९ ला व्हाइट हाउस सोडून तो परत नॉर्थॅम्प्टनलाच आला, मॅसासॉइट स्ट्रीटवरच्या त्याच जुन्या अर्ध्या घरात, अर्ध्या म्हणजे खरोखर अर्ध्या, दुसऱ्या अर्ध्यात दुसरं बिऱ्हाड, आणि घर भाड्याचंच. पण आता बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन त्याला बघायला यायला लागले, पोर्चमध्ये निवांत बसायची चोरी झाली, म्हणून १९३० ला बिचाऱ्याला फाटकवालं मोठं घर विकत घ्यावं लागलं. महापौर होता तेव्हा ही कटकट नव्हती.