हजार प्रतींतली एक

सिअ‍ॅटलमधल्या एका ध्वनिसंग्रहात जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन करणं हे माझं काम. देणगीतल्या तबकड्या बहुधा टपालानं येतात. त्या दिवशी मात्र ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ एलपी छातीशी धरून स्वतः आले, आणि काम होईपर्यंत इथेच बसतो म्हणाले.

‘लॅव्हेंडर कंट्री’, 1973. गायक पॅट्रिक हॅगर्टी. मूळ प्रत मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. समलिंगी माणसानं आपल्या जगण्यावर उघडपणे गायलेला, कंट्री या अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीतप्रकाराचा हा पहिला अल्बम मानतात. त्यामागे कुठली रेकॉर्ड कंपनी नव्हती. ‘गे कम्युनिटी सोशल सर्व्हिसेस ऑफ सिअ‍ॅटल’ या संस्थेनं तो काढला, फक्त हजार प्रती. समलिंगी हक्कांच्या चळवळीच्या छोट्या वृत्तपत्रांत मागच्या पानांवर जाहिराती द्यायच्या आणि टपालानं विकायच्या, एवढीच विक्रीव्यवस्था.

तबकडी धुतली, वाळवली, सुई टेकवली. पियानो, फिडल आणि हॅगर्टींचा तो थेट, किंचित नाकातला आवाज. गृहस्थ सोबत गुणगुणत होते, एकही शब्द चुकत नव्हता. तरुणपणी ओरेगनमधल्या एका लहान गावात राहत असताना त्यांनी ती मागवली होती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून अगदी हळू लावायचे. मला म्हणाले, “आज जरा मोठ्यानं लावा.” मी लावली.

हॅगर्टी वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट एंजेलिसजवळ, दुभत्या गाईंच्या शेतावर वाढले. शाळेत असताना एकदा मळक्या कपड्यांत आलेल्या वडिलांना पाहून ते लपले होते. परतताना वडिलांनी समजावलं, की लपूनछपून काही करू नकोस. लपलास तर आपण चुकतोय असं तुलाच वाटतंय असा त्याचा अर्थ होतो. उतारवयात हॅगर्टींनी हा प्रसंग सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टोरीकोर या संस्थेसाठी आपल्या मुलीला सांगितला. या तबकडीतला निर्भयपणा त्या गोठ्यातून आलाय, असं मला मनापासून वाटतं.

पुढे त्यांचा बँड मोडला. हॅगर्टी चळवळीत राहिले, नंतर वृद्धाश्रमांत जुनी गाणी गात. 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका छोट्या कंपनीनं अल्बम पुन्हा काढला आणि सत्तरीत त्यांना नवा श्रोता मिळाला. ऑक्टोबर 2022 मध्ये ते गेले.

संध्याकाळी नोंद करताना सहकारी म्हणाली, प्रकार ‘राजकीय गीतं’ टाकू. मला ते अजिबात पटलं नाही. प्रेमभंग, एकटेपणा, समाजानं दार लावून घेणं, हे तर कंट्रीचं रोजचं अन्न. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या कंट्री संगीताच्या संग्रहालयाच्या नियतकालिकानंही 1999 मध्ये या अल्बमची दखल घेतली होती. ते मी तिला दाखवलं. बराच वेळ वाद झाला. अखेर पहिल्या रकान्यात ‘कंट्री’ गेलं, राजकीय गीतं दुसऱ्या.