आमची वाटचाल: दर वेळी मॅग्नेटच उतरलेला नसतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही बसलो ते मॅग्नेटोच्या कामावर. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय, मॅग्नेटच्या जोरावर इंजिनाला स्पार्क देणारं यंत्र. पंपाची रॉकेल इंजिनं, बीएसए, नॉर्टन, पुढे स्कूटरी. फिटिंग माझ्याकडे, वायंडिंग आप्पांकडे. मॅग्नेट उतरला, म्हणजे त्याची ताकद गेली, की ती पुन्हा भरायचा चार्जर आप्पांनीच बनवला: नरम लोखंडाचे दोन जाड खांब, त्यांवर एनॅमल तारेचे वेढे, ट्रकच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि नाइफ स्विच. स्विच पाडला की जवळचे पाने खांबांकडे ओढले जायचे. आप्पा लगेच स्विच उचलायचे. "धरून बसलास म्हणून मॅग्नेट जास्त भरत नाही, कॉइल तेवढी जळते," हे त्यांचं रोजचं वाक्य. आधी होकायंत्राने पोल बघायचे, खडूने खूण करायची, मगच झटका. नालेच्या आकाराचे दोन-तीन मॅग्नेट शेजारी असतील तर सारखे पोल एका बाजूला यायला हवेत, नाहीतर एक दुसऱ्याचं खातो.

मधली वर्षं बरी गेली.

मग गल्लीच्या तोंडावर एकाने दुकान टाकलं. नाव घेत नाही. स्पार्क कमी आला की त्याचं निदान ठरलेलं, "मॅग्नेट उतरलाय." चार्ज करायचा, पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासायचे, टेबलावर स्पार्क दाखवायचा, पैसे घ्यायचे. वर गावभर सांगत सुटला, की आम्ही मुद्दाम मॅग्नेट कमजोर ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. लोकांनी ऐकलं. वर्षानुवर्षांची माणसं समोरून गाडी ढकलत त्याच्याकडे जायची. भाडं थकलं, हाताखालचा पोरगाही तिकडेच गेला. आप्पा काही बोलले नाहीत, पण चार्जरवर पोतं टाकलं ते बरेच दिवस काढलं नाही. ते मला अजून लागतं.

टिकले एकटे सुभेदार. त्यांची बीएसए एम-२०, लुकासचा मॅग्डायनो, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र. आम्ही गावी गेलो असताना तेही एकदा तिकडे जाऊन आले आणि मग पुन्हा पुन्हा जावं लागलं. शेवटी मॅग्डायनो आमच्या टेबलावर आपटून म्हणाले, "आप्पा, गार असली की एका किकेत लागते. पन्हाळ्याचा घाट चढून तापली की मरते. आणि तो म्हणतो मॅग्नेट!"

आप्पा हसले. मॅग्नेट खरंच उतरला तर पंचाईत किक मारताना होते, कारण आर्मेचर, म्हणजे मॅग्नेटच्या पोलांमध्ये फिरणारा तार गुंडाळलेला गाभा, तेव्हा हळू फिरतो. एकदा इंजिन पळायला लागलं की तोच मॅग्नेट चालून जातो. गार असताना लागून तापल्यावर गाडी मरते ती कॉइलमुळे, किंवा पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरमुळे. या मॅग्डायनोत कंडेन्सर आर्मेचरच्या आतच बसवलेला, तो काढायचा म्हणजे सगळं खोलणं आलं. ती मेहनत कोण घेणार? आम्ही कंडेन्सर बदलला, मॅग्नेटला हात लावला नाही. सुभेदार घाट चढून आले आणि भर चौकात, त्या दुकानाच्या पाटीखाली गाडी चालू ठेवून उभे राहिले. गिऱ्हाईक हळूहळू परतलं.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बॉशचा हाय-टेन्शन (थेट प्लगला जास्त दाबाची वीज देणारा) मॅग्नेटो १९०२ चा. तेव्हाच्या कार्बन किंवा टंगस्टन पोलादाच्या मॅग्नेटांना जपावं लागतं. हातोडीचा दणका, उष्णता, नुसतं वय, सगळ्यानं ते उतरतात, म्हणून तर ते लांब नालेसारखे करायचे. १९१७ मध्ये जपानच्या होंडा कोतारो यांनी कोबाल्ट पोलाद आणलं, ते बरंच टिकाऊ. १९३१ मध्ये जपानच्याच मिशिमांनी निकेल-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू काढला, त्यातूनच पुढे अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मॅग्नेट. अल्निको नुसत्या वयाने जवळपास उतरत नाही आणि इंजिनच्या उष्णतेला तर दाद देत नाही. पण आर्मेचर बाहेर काढलं की चुंबकाची वाट तुटते, आणि ताकद तेव्हा जाते. आर्मेचर परत बसवलं तरी ती पूर्ण भरून येत नाही. म्हणून काढतानाच पोलांवर नरम लोखंडाची पट्टी सरकवायची, उघडे मॅग्नेट एका डब्यात कोंबायचे नाहीत. त्या दुकानात आर्मेचरं रात्रभर बाहेर पडलेली असायची. मग सकाळी चार्जिंगला गिऱ्हाईक तयार!

पार्सलने काम पाठवणाऱ्यांनी आर्मेचर आतच ठेवून पाठवावं. वेगळं काढून आलं तर चार्जिंगचे पैसे जादा पडतील, त्यावर घासाघीस नको.