‘तपासणीत दोष आढळला नाही’: माझा स्कोप आणि हरणाचा सीझन

स्कोप (नेम धरायला रायफलवर बसवतात ती दुर्बीण) बनवणाऱ्या कंपनीचं ते पत्र मी अजून फ्रीजवर लावून ठेवलंय. पाव पान छापील मजकूर, खाली सहीसुद्धा नाही. ‘आपला स्कोप तपासण्यात आला. तपासणीत दोष आढळला नाही. स्वच्छ करून परत पाठवत आहोत.’ बायको म्हणते, काढ ते आता, येणारा-जाणारा विचारतो. मी काढत नाही.

इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य सीझन नऊच दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. २०२४ मध्ये तो २३ नोव्हेंबर ते १ डिसेंबर होता. दुरुस्तीला पाठवलेला माझा स्कोप कंपनीकडून आला ४ डिसेंबरला. खरं तर गोष्ट इथेच संपते, पण मला ती सविस्तर सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही.

कोर्स, लायसन, रायफलची खरेदी हे सगळं विनातक्रार पार पडलं. (१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्म असेल तर इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. आणि आपली मंडळी नेहमी विचारतात म्हणून सांगतो: एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण राज्याचं शिकारीचं चालू लायसन असेल तर त्यातून सूट मिळते. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे मला या भानगडीत पडावं लागलं नाही. तुम्ही मात्र वकिलाला विचारूनच दुकानात जा.)

रायफल टू-सेव्हंटी विंचेस्टर (हे काडतुसाचं माप), स्कोप तीन-ते-नऊ पॉवरचा, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, चाळीस मिलिमीटर भिंगाचा. हरणासाठी इथे दर दुसऱ्या माणसाकडे असतो तसलाच. ऑगस्टमध्ये रेंजवर जाऊन झिरो केला, म्हणजे १०० यार्डांवर गोळी नेमापेक्षा दोन इंच वर बसेल असा लावला. तसं केलं की २०० यार्डांपर्यंत फारसा हिशेब करावा लागत नाही. शेवटचे क्लिक (नेम सरकवायच्या गुंडीचे टप्पे) दिले, एक गोळी मारली, बरोबर बसली, गाशा गुंडाळला. ही माझी पहिली चूक, आणि ती मला फार उशिरा कळली.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सहज म्हणून पुन्हा रेंजवर गेलो. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली, सावकाश तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा, पण चार इंच उजवीकडे. स्कोपचा एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणून सोळा क्लिक डावीकडे दिले. पुढची गोळी जेमतेम इंचभर सरकली. मला घाई, आणखी आठ क्लिक दिले. त्यानंतरची गोळी होती तिथेच. आणि तिच्यानंतरची एकदम डावीकडे, मधल्या रेषेच्याही दोन इंच पलीकडे. चोवीस क्लिक म्हणजे सहा इंच, हिशेब पूर्ण. फक्त तो दोन गोळ्या उशिरा पोचला.

स्कोपच्या आत एक बारीक नळी असते. टरेट, म्हणजे तीच क्लिकची गुंडी, फिरवला की तो तिला एका बाजूने ढकलतो, समोरून स्प्रिंग तिला दाबून धरते. स्प्रिंग मंद पडली किंवा नळी कुठे अडली, की क्लिक बोटाला ऐकू येतो पण आत काही हलत नाही. मग रायफलच्या धक्क्याने कधीतरी ती सुटते आणि उडी मारते. ऑगस्टमध्ये हेच झालं असणार. अडकलेल्या नळीवर मी क्लिक देत गेलो आणि एक गोळी बरोबर बसल्यावर खूश होऊन घरी आलो. तेव्हा शेवटचा क्लिक दिल्यावर निदान पाच गोळ्या मारा. महाग पडतात, मारा.

चार इंचांनी काय होतं, असं ऑफिसमधल्या एकाने विचारलं होतं. हरणाची छाती, जिथे गोळी लागली तर ते जागीच किंवा थोड्या अंतरावर पडतं, ती आठेक इंचांची. मध्यापासून चार इंच म्हणजे काठ. वर थंडीने आपले हात हलतात ते वेगळंच. मग गोळी पोटात लागते आणि जनावर दलदलीत जाऊन रात्रभर तडफडतं. मला तसलं हरण नको होतं.

आता माझा धंदा सांगतो, कारण इथून पुढचा राग त्यातून आलाय. मी एका कारखान्यात क्वालिटीत आहे. पार्ट परत आला की तो तपासून ‘दोष आढळला नाही’ असं लिहिणारा माणूस मीच. त्यामुळे मी कंपनीला फोन करायच्या आधी सगळं बघून ठेवलं होतं. रिंगांचे (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्या) स्क्रू टॉर्क रेंचने अठरा इंच-पाउंडांवर आवळलेले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर बायकोच्या लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलेली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. एकही तुटली नव्हती. रिंगांखालच्या बेसचे स्क्रूही घट्ट. बॅरल दर गोळीनंतर थंड होऊ दिलेलं.

फोनवर पलीकडच्याने विचारलं, ‘रिंगा तपासल्यात का?’

मी नेलपॉलिशचं सांगितलं. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘बऱ्याचदा रिंगाच सैल असतात, सर.’ अकरा मिनिटांत हा प्रश्न तीनदा. शेवटी म्हणाला, पाठवून द्या, आयुष्यभराची वॉरंटी आहे, काळजी नको. किती दिवस लागतील? ‘आल्याच्या क्रमाने बघतो.’

१६ सप्टेंबरला पाठवला, विमा उतरवून. मग रोज ती पावती नंबर टाकायची वेबसाइट. ‘प्राप्त.’ अनंत चतुर्दशी झाली, ‘प्राप्त.’ दसरा झाला, ‘प्राप्त.’ मी ऑफिसात मीटिंगमध्ये मोबाइलवर बघायचो, जणू माझ्या बघण्याने तो पुढे सरकणार आहे. फोन लावला की आधी बारा-पंधरा मिनिटं होल्डवरची तीच गिटार, मग नवा माणूस, आणि नवा माणूस म्हणजे पहिल्यापासून सगळं. रिंगा तपासल्यात का, सर?

खोकं आलं २५ ऑक्टोबरला. पहाटे पाच वाजता ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) चढणाऱ्या माणसालाही लाजवेल इतक्या थरथरत्या हातांनी उघडलं. आत स्कोप, भिंगं लख्ख, आणि ते पत्र. रिंगा नाहीत. पाठवायच्या आधी रिंगा काढा असं त्यांच्या सूचनेत बारीक अक्षरात होतं, ते मी वाचलं नव्हतं, आणि त्यांनी त्या ठेवून घेतल्या किंवा हरवल्या. नव्या रिंगा घ्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी रेंजवर: पहिल्या चार गोळ्या ठीक, पाचवी पुन्हा उजवीकडे.

हे असं का, ते मला घरी येईपर्यंत गाडीतच उमगलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण आम्हीही कारखान्यात हेच करतो. त्यांच्या टेबलावर स्कोप एका यंत्रासमोर बसवतात, टरेट फिरवतात, रेघ सरकताना बघतात. तिथे धक्का नसतो. माझा स्कोप बिघडतो तो गोळी सुटल्यावर. जी वस्तू हादरल्यावरच बिघडते ती शांत टेबलावर दहादा तपासली तरी चांगलीच निघणार.

म्हणून या वेळी पुरावा गोळा केला. शेजारचा म्हातारा, निवृत्त डेअरीवाला, त्याच्याकडून त्याचा जुना फिक्स चार पॉवरचा स्कोप उसना आणला. माझीच रायफल, त्याच नव्या रिंगा, तीच काडतुसं. नऊ गोळ्या, दीड इंचात. मग माझा स्कोप पुन्हा चढवून चौकटीची परीक्षा: नेम एकाच ठिपक्यावर ठेवायचा, एक गोळी, वीस क्लिक वर, गोळी, वीस उजवीकडे, गोळी, वीस खाली, गोळी, वीस डावीकडे, आणि शेवटची गोळी पहिलीच्या भोकात किंवा शेजारी यायला हवी. टार्गेटवर पाच-पाच इंचांचा चौरस उमटायला हवा. माझा पतंग उमटला, तोही फाटका. दोन्ही टार्गेटांवर तारीख, अंतर, हवामान, गोळ्यांचे क्रमांक लिहून खोक्यात घातली. ऑफिसात आम्ही ग्राहकाकडून मागतो तसा अहवाल. सोबत एकच ओळ: कृपया धक्का देऊन तपासा.

२८ ऑक्टोबरला पाठवला आणि आठवड्याने फोन केला. तो म्हणाला, ‘इथे दिसतंय की तुम्ही रिंगा बदलल्यात.’

‘हो. कारण पहिल्या तुमच्याकडे राहिल्या.’

थोडा वेळ शांतता. मग गिटार.

त्याच काळात आईचा साताऱ्याहून फोन, दिवाळीचा. मी शिकारीचं बोललो की ती आवाज बारीक करते. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने हरीण मारणं म्हणजे थेट कोठडी, त्यामुळे तिला खात्री आहे की मी कधीतरी तुरुंगात जाणार. इथे सरकारच टॅग (हरीण मारायचा परवाना) विकतं, असं सांगितलं तर म्हणते, विकू दे, तू घेऊ नकोस.

सीझन शेजाऱ्याच्याच स्कोपवर केला. ‘यात बिघडायला आहे काय?’ असं तो म्हणाला होता, आणि ते बरंचसं खरं आहे. पॉवर बदलायची यंत्रणाच नाही, तेवढे भाग कमी. आणि मला भीती होती तसा तो अंधुकही नव्हता. भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की डोळ्याला मिळणाऱ्या उजेडाचं वर्तुळ किती मोठं ते कळतं: त्याचे बत्तीस भागिले चार, आठ, माझे चाळीस भागिले नऊ, साडेचारच्या आत. पहाटेच्या काळोखात मोठ्या पॉवरची हौस करू नका, स्कोप तीनवर किंवा चारवर ठेवा. शनिवारी काही दिसलं नाही. रविवारी सकाळी सव्वासातला एक मादी ओकच्या झाडांतून बाहेर आली, साठ-सत्तर पावलांवर आडवी उभी राहिली. एक गोळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते, ती फोनवर झाली. डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला दिलं (हा मेंदूचा रोग इथल्या हरणांत २००२ मध्ये सापडला, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवायचं), निकाल चांगला आला. या मांसात चरबी फारशी नसते, तेव्हा कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरमध्येच करा, नाहीतर चामडं होतं.

आठवलं म्हणून: रायफल बाहेरच्या थंडीतून एकदम गरम खोलीत आणू नका, भिंगावर पाणी धरतं. गॅरेजमध्येच ठेवा. बाहेरून धरलेलं दव पुसता येतं. आतून धरलं असेल तर स्कोपमध्ये भरलेला कोरडा नायट्रोजन सीलमधून गेलाय, तो स्कोपही परतच पाठवायचा. आणि पाठवायचाच असेल तर जानेवारीत. गणपतीनंतर सगळं विस्कॉन्सिन आपापला स्कोप खोक्यात घालत असतं. वॉरंटी आयुष्यभराची असते, पण तिच्यात नोव्हेंबर येत नाही.

४ डिसेंबरच्या खोक्यात नवा कोरा स्कोप होता. जुना का बिघडला, आत काय सापडलं, यावर अक्षर नाही, ‘बदलून देत आहोत’ एवढंच. रिंगांबद्दलही नाही. मला खरं तर स्कोपपेक्षा ते कारण हवं होतं, निदान एक ओळ. नवा अजून खोक्यात आहे. बर्फ वितळलं की त्याची चौकट काढणार, पुरत्या वीस गोळ्यांची. रायफलवर शेजाऱ्याचाच बसलाय. त्याने परत मागितलेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही.