खर्रा चालतो, गोळी नको

माझं कृषी केंद्र आहे, दारव्हा तालुक्यात, रोडवरच्या गावात. पंधरा लिटरच्या पंपात किती मिली टाकायचं, हे दिवसातून पन्नास वेळा सांगतो. डब्यावरचा त्रिकोण आधी दाखवतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लोक हसतात, पण २०१७ पासून मी हे सोडलं नाही. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यात माझं एक गिऱ्हाईक होतं. तो वाचला, पण बाटली माझ्या दुकानातून गेलेली. बिल होतं, रजिस्टर होतं, सगळं नियमात होतं. तरी रात्री दोनला उठून बिलबुक चाळायची खोड लागली ती तेव्हापासून.

पाच वर्षं कोणाला बोललो नाही. जून २०२२ मध्ये, ऐन पेरणीच्या गर्दीत, सोयाबीनच्या बॅगा उतरवून घेताना छातीत डवरा, म्हणजे कोळपं, फिरायला लागला. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, आणि आता आपण इथंच काउंटरवर मरतो अशी खात्री. तालुक्याला नेलं. ईसीजी नॉर्मल. पुढच्या महिन्याभरात आणखी दोनदा तेच झालं, दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. एकानं गॅस सांगितला, माय म्हणे नजर लागली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी एक बारीक गोळी लिहून दिली. अल्प्राझोलाम, ०.२५ मिलिग्रॅम. "टेन्शन आलं की घेत जा." किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अर्ध्या तासात छाती मोकळी झाली. त्या रात्री मी सहा तास सलग झोपलो. ज्याला हे झालेलं नाही त्याला त्या झोपेची किंमत कळणार नाही.

सप्टेंबरात त्याच डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडून दिली, एस्सिटॅलोप्रॅम, रोज सकाळी जेवल्यावर. ती घेतली चार दिवस. मळमळ, आणि धडधड उलट वाढली. पाचव्या दिवशी शेजारच्या पानटपरीवर विषय निघाला, तर एकजण म्हणाला, "भाऊ, ते डोक्याची गोळी हाय. एकडाव लागली का जन्मभर सुटत नाई." झालं. ती पट्टी मी नालीत फेकली. आणि बारीक गोळी? ती शर्टाच्या खिशात, खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पन्नीशेजारी. तिची भीती कधी वाटलीच नाही, कारण तिनं बरं वाटत होतं.

चिठ्ठी एकदाच लिहिलेली. पुढं ओळखीच्या मेडिकलमधून पट्ट्या येत राहिल्या. आता मागं वळून बघतो तर स्वतःचीच शरम वाटते. त्या पट्टीवर लाल चौकट असते, शेड्यूल एच-वनचा इशारा, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका म्हणून. अशी औषधं विकताना दुकानदारानं डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. दुसऱ्याला त्रिकोण दाखवणाऱ्या माणसानं सहा महिने ती चौकट वाचली नाही. त्या दुकानदारानं रजिस्टरात काय लिहिलं असेल, देव जाणे.

डोस कसा वाढला तेही कळलं नाही. आधी ०.२५ची एक, मग दोन, मग सरळ ०.५ची पट्टी. डिसेंबरात सकाळी एक, दुपारी अर्धी, रात्री एक. एकच औषध सारखं मारत राहिलं की पांढरी माशी दाद देत नाही, हे मी शेतकऱ्यांना शिकवतो.

डिसेंबरच्या शेवटी पुलगावला लग्न होतं आणि पट्टी घरी राहिली. दुपारपर्यंत ठीक होतो. रात्री हात असे थरथरायला लागले की वरणाची वाटी उचलता येईना. घाम, अंगात कापरं, मंडपातला बॅन्ड डोक्यात हातोड्यासारखा. बायकोनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "अवो, हे टेन्शन नाई. तुमाले गोळी पायजे." आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हे उघड बोललं.

जानेवारी २०२३ मध्ये तीच मला एसटीनं यवतमाळला घेऊन गेली, सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात. केसपेपर काढून बाकावर बसलो. समोरून ओळखीचं कोणी गेलं की मी पेपरानं तोंड झाकायचो. शेवटी आमच्याच गावचा एक जण माझ्याआधी आतून बाहेर आला. दोघंही काही बोललो नाही.

मॅडमनी सगळं ऐकलं. दारू? नाही म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं, कारण दारू आणि ही गोळी सोबत घेतली तर श्वास मंदावतो, माणूस जाऊ शकतो. मग खर्रा विचारला.

"चार-पाच होते दिवसाचे."

"किती वर्षं?"

"वीसेक."

"आणि एस्सिटॅलोप्रॅम पाचव्या दिवशी फेकली. का?"

"सवय लागंल म्हणून, मॅडम."

बायको हसली. मॅडम हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधीच कोणी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. माझ्या दोन गोळ्या दोन वेगळ्या जातीच्या होत्या. अल्प्राझोलाम लगेच काम करते आणि लवकर उतरते. साधारण अकरा तासांत शरीरातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मेंदू तिला सरावतो, तेवढ्यानं भागेनासं होतं, आणि उतरली की धडधड दुपटीनं येते. आपण समजतो आजार वाढला. एस्सिटॅलोप्रॅमचं उलटं. पहिले पंधरा दिवस त्रासच जास्त, धडधडही वाढू शकते, फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. हाव सुटावी असं तिच्यात काही नाही, पण एकदम तोडली तर शरीर कुरकुर करतं. मी माझ्या भाषेत लावून घेतलं: एक फवारा, एक खत. मी खत पाचव्या दिवशी उपटून फेकलं होतं, आणि फवाऱ्यावर शेत चालवत होतो.

"मग आजपासून बारीक गोळी बंद करतो," मी म्हणालो. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. सहा-सात महिने रोज घेतलेली अशी गोळी एका दिवसात तोडली तर फिट येऊ शकते. त्यांनी अल्प्राझोलामऐवजी क्लोनाझेपाम दिली, सकाळी ०.५, रात्री ०.५. ती त्याच जातीची, पण शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून चढउतार कमी होतात. दर पंधरा दिवसांनी पाव मिलिग्रॅम कमी. सोबत एस्सिटॅलोप्रॅम, आठवडाभर ५, मग १०. हा हिशोब माझा आहे, माझ्या वजनाचा आणि माझ्या सहा महिन्यांचा. कोणी आपल्याला लावून घेऊ नये.

पहिल्यांदा कमी करायची वेळ आली तेव्हा पाव गोळीसाठी मी मायचा अडकित्ता घेतला. काउंटरवर बिलाचा कोरा कागद अंथरला, गोळी मधल्या रेषेवर धरून दाबली. नीट दोन झाल्या. त्यातली अर्धी म्हणजेच पाव मिलिग्रॅम, हे कळायला मला एवढा वेळ लागला की मी अर्धीचीही अर्धी करायला गेलो, आणि तिचा भुगा झाला. तो भुगा बोटानं गोळा करून चाटला. पुढच्या भेटीत हे सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "०.२५ची गोळी मिळते. तुम्ही कीटकनाशक अंदाजानं देता का?"

एक मिलिग्रॅमवरून पाऊण, पाऊणवरून अर्धा, फार जड गेलं नाही. चिडचिड व्हायची, टिनावर माकडानं उडी मारली तरी मी दचकून उभा. शेवटची पाव मिलिग्रॅमची गोळी मात्र महिनाभर अडून बसली. मात्रा म्हणून ती बारीकच होती, पण रात्री उशीखाली पट्टी आहे की नाही हे हात घालून बघायचो. एप्रिलच्या मध्यात तीही सुटली.

त्याच काळात समुपदेशकाकडं चार-पाच वेळा गेलो. काम एकच दिलं: रात्री जाग आली तर बिलबुकाला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. पहिल्या रात्री मी पहाटेपर्यंत ओसरीवर बसून होतो. दहाव्या रात्री अर्धा तास. गोळीनं धार कमी केली हे खरं, पण बिलबुकाची खोड गोळीनं गेली नाही, ती अशी गेली.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. एस्सिटॅलोप्रॅमवर नवराबायकोच्या संबंधात फरक पडतो. इच्छा कमी होते, वेळ फार लागतो. मी दोन महिने गप्प राहून वेगळ्याच शंका घेत बसलो. विचारलं तेव्हा कळलं की हा ओळखीचा परिणाम आहे आणि त्यावर बोलता येतं.

नंतर मी पुन्हा शहाणपणा केला. ऑक्टोबर २०२३. कापूस वेचणीला आलेला, उधारी वसूल होत होती, तब्येत ठणठणीत. मनात आलं, आता कशाला? कोणाला न विचारता बंद केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, गरगर, विचित्र स्वप्नं. मला पानटपरीवरचा तो माणूस आठवला. खरंच सुटत नाही की काय! रात्री अकराला १४४१६ला फोन लावला, तो टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कधी बंद केली, कशी बंद केली, आणि उद्याच डॉक्टरांशी बोला म्हणाल्या.

मॅडमनी गोळी परत सुरू केली, दोन दिवसांत झटके गेले. ओळखायची खूणही सांगितली. एकदम तोडल्याचा त्रास काही दिवसांतच येतो, त्यात गरगर आणि झटके असतात, गोळी घेतली की पटकन निवळतो. आजार परत येतो तो हळूहळू, काही आठवड्यांनी, आणि तो बिलबुकाच्या रूपात येतो. माझ्या बाबतीत बिलबुक आलं नव्हतं.

पुढचं वर्ष निमूटपणे घेतली. २०२४च्या दिवाळीनंतर त्यांनीच कमी करायला घेतली, दहाची पाच, मग अडीच, तीही दिवसाआड नव्हे, रोज, सावकाश. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटची घेतली. आठवडाभर थोडी गरगर होती. खर्रा अजून दोनवर आहे, त्याला कोणी मॅडम भेटलेल्या नाहीत.

या जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत एकदा छातीत डवरा फिरला. मी बॅगवर बसलो, पाणी प्यालो, पंधरा मिनिटांत उठून उधारी लिहायला लागलो.

परवा एक गडी दुकानात आला. तुरीचं बियाणं घेतलं, पैसे दिले, तरी जाईना. गिऱ्हाईक पांगल्यावर हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे ते बारीक गोळी राह्यते म्हणते लोक. एक द्या ना. चार दिसापासून डोळा नाई लागला."

गोळी नाही म्हणून सांगितलं. बिलाच्या मागं १४४१६ लिहून दिला, आणि यवतमाळची सकाळची एसटी किती वाजता लागते ते.

"तुमी येता काय सोबत?"

"येतो. पण खर्रा घरी ठेवून ये, मॅडम विचारतात."