ताजा रंग आणि १५.७ व्होल्ट

माझ्याकडे १९७४ सालची, १८०० सीसी इंजिनाची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली व्हॅन, आहे. मी राहतो त्या जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातल्याच कारखान्यात ती तयार झाली. गेल्या हिवाळ्यात क्लच बदलण्यासाठी इंजिन खाली उतरवले, तेव्हा कुरकुरणारा जुना अल्टरनेटरही (इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) काढून टाकायचे ठरवले. या इंजिनात तो पत्र्यांच्या आड दडलेला असतो आणि इंजिन जागेवर असताना त्याच्या मागच्या प्लगापर्यंत हात घालायचा म्हणजे बोटे सोलून घेणेच असते.

नवा अल्टरनेटर ५५ अँपिअरचा होता. व्होल्टेज रेग्युलेटर या गाडीत वेगळा, बॅटरीजवळ इंजिनखान्याच्या पत्र्यावर बसतो. आमच्या सांगलीकडचे गॅरेजवाले सरसकट त्याला ‘कट-आऊट’ म्हणत. वास्तविक कट-आऊट अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनॅमोच्या गाड्यांना लागायचा, कारण इंजिन बंद असताना बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊ नये म्हणून तो जोडणी तोडत असे. अल्टरनेटरमध्ये ते काम वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड करतात आणि रेग्युलेटरकडे फक्त व्होल्टेज आवरण्याचे काम उरते.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवून मी कामाला लागलो. अल्टरनेटरच्या बी प्लस या मुख्य टोकापासून बॅटरीकडे जाणारी जुनी लाल तार जागोजागी कडक झाली होती, म्हणून तिच्या जागी दहा चौरस मिलिमीटरची नवी तार, टोकांना थिंबल (धातूची टोपी) दाबून, घातली. अल्टरनेटर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये तीनच तारा असतात: अल्टरनेटरचे व्होल्टेज रेग्युलेटरला दाखवणारी डी प्लस, अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला प्रवाह देणारी डीएफ आणि अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या बाजूची, तपकिरी डी मायनस. डी प्लसवरूनच एक निळी तार डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याकडे जाते. जोडाजोडी एका संध्याकाळी आटोपली. नंतर रेग्युलेटरच्या जागेवरचा गंज खरवडून, प्रायमर आणि रंग मारून, तो वाळल्यावर रेग्युलेटर स्क्रूने आवळला. जागा इतकी देखणी झाली की मी तिचा फोटोसुद्धा काढला.

इंजिन चढवून चावी फिरवली, तेव्हा चार्जिंगचा दिवा लागलाच नाही. गाडी सुरू झाली. मात्र बॅटरीवर मल्टिमीटर १२.३ व्होल्टच्या पुढे सरकेना. अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला सुरुवातीला चुंबकत्व येण्यासाठी लागणारा थोडासा प्रवाह या दिव्यातूनच मिळतो, आणि दिवा उडालेला असला तर बाकी सर्व धडधाकट असूनही चार्जिंग सुरू होत नाही. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागे हात घालून १.२ वॅटचा बल्ब बाहेर काढला. त्याची तार तुटलेली होती आणि काच आतून काळवंडली होती. नवा बल्ब लावताच दिवा उजळला आणि इंजिनाचा वेग वाढवताच विझला.

मग मल्टिमीटर १४ वर गेला, १५ वर गेला आणि १५.७ वर थांबला. बॅटरीतून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला, सोबत तो ओळखीचा आंबूस वास. मी ताबडतोब इंजिन बंद केले. चालत्या गाडीची बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चालतोय का’ ते पाहण्याची जुनी पद्धत मी लहानपणी पाहिली आहे. अल्टरनेटरच्या बाबतीत तसे केले, तर व्होल्टेजच्या उसळीने डायोड जळू शकतात.

पहिला संशय साहजिकच रेग्युलेटरवर गेला आणि दुकानदाराला चार शब्द सुनावण्याची मनोमन तयारीही झाली. तरी आणखी एक मोजमाप करावे म्हणून मल्टिमीटरची एक सळई रेग्युलेटरच्या धातूच्या डब्यावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरून इंजिन क्षणभर सुरू केले. तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा होता, आला १.४. रेग्युलेटर स्वतःच्या डी प्लस आणि अर्थिंगमधले व्होल्टेज पाहतो, त्यामुळे त्याला १४.३ दिसत होते आणि तो आपले काम चोख करत होता. बॅटरीला मात्र १५.७ सोसावे लागत होते. प्लगातली तपकिरी तारेची पिन हिरवी पडलेली निघाली, आणि डब्याच्या स्क्रूमधून जे अर्थिंग मिळायचे, ते मीच हौसेने मारलेल्या दोन हात रंगाखाली गाडले गेले होते.

तो रंग सँडपेपरने घासून काढताना जिवावर आले. लखलखीत पत्रा उघडा केला, पिन बदलली, गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी विणलेली अर्थिंगची पट्टीही दोन्ही टोकांना घासून पुन्हा आवळली आणि मगच गाडी सुरू केली. डबा आणि निगेटिव्ह यांच्यामधला फरक आता ०.०४ व्होल्ट आला. बॅटरीवर १४.२, आणि हेडलाइट व वायपर लावल्यावर १३.९. उघड्या पत्र्यावर थोडे व्हॅसलिन चोपडले आहे, आणि १.२ वॅटचे दोन जादा बल्ब फ्यूजच्या डबीत ठेवले आहेत.