हवा कुठून घेणार?

“साहेब, एकदा आवाज ऐकलात की जुना बॉक्स पुन्हा लावणार नाही,” असे म्हणत नाशिकच्या द्वारका परिसरातल्या दुकानदाराने लाल रंगाचा कोन फिल्टर, म्हणजे बंद बॉक्सऐवजी उघडाच बसणारा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, माझ्या हातात ठेवला.

स्विफ्टच्या इंजिनाला थोडा मोकळा श्वास मिळावा, एवढाच माझा हेतू होता. बोलण्यात आवाजाचा उल्लेख वारंवार आला; हा फिल्टर हवा नेमकी कुठून घेणार, हे मात्र मलाच विचारावे लागले.

उत्तर मिळाले, “बॉनेटच्या आतूनच.” म्हणजे कंपनीचा बंद बॉक्स बाहेरची गार हवा ओढतो, ती सोय काढायची आणि इंजिनाच्या उष्णतेने तापलेली हवा त्यालाच पुरवायची. हवेचे तापमान ३० अंशांवरून ५० अंशांवर गेले, तर तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात मोकळ्या फिल्टरने मिळवलेले त्यातच निघून जाते.

दुसरा पर्याय म्हणजे फिल्टर बंपरमागे खाली उतरणाऱ्या लांब नळीच्या टोकाला बसवायचा. ती गार हवा देते हे खरे, परंतु पावसाळ्यात त्र्यंबक रोडवर साचलेल्या पाण्यात गाडी घातली, तर तेच तोंड पाणी ओढू शकते आणि प्रकरण कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकण्यापर्यंत जाते.

म्हणून मूळ बॉक्समध्येच बसणारा, धुऊन वापरता येणारा कापडी फिल्टर मला पटतो. त्यावर तेल मात्र बेतानेच लावावे लागते, अन्यथा ते एअरफ्लो सेन्सरवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर, जाऊन बसते. ताकद फारशी वाढणार नाही, आणि आवाज तर नाहीच. दुकानदाराचा उत्साह तिथेच मावळला.

अंबडच्या धुळीत असा फिल्टर वापरणाऱ्यांनी तो साधारण किती किलोमीटरनंतर धुतला?